बाराशे मिलिलिटरचा उन्हाळा

मेच्या दुसऱ्या आठवड्यात लखनौवर पश्चिमेचा वारा सुटतो. इथे त्याला पछुआ म्हणतात. तो वाळवंटावरून येतो असं लोक सांगतात, आणि ते पटायला मला नकाशा लागत नाही. सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी पिठासारखी रेती बोटाला लागते. पिळून दोरीवर टाकलेला पंचा मी आत वळेपर्यंत कडक होतो. न्हाणीतल्या साबणाला भेगा पडतात. घाम येतो, पण दिसत नाही. अंगावर फुटण्याआधीच हवा तो उचलून नेते आणि मनगटावर मिठाची बारीक पांढरी रेघ तेवढी मागे राहते.

या हवेत कसं जगावं हे माझ्या वडिलांना कुणी शिकवायची गरज नव्हती. ते अकोल्याकडचे. आई गेल्यावर फेब्रुवारीत मी त्यांना गोमती नगरच्या चौथ्या मजल्यावरच्या आमच्या फ्लॅटमध्ये घेऊन आले, तेव्हा त्यांच्या सामानात वाळ्याच्या मुळ्यांची एक जुडी, दोन पांढरे दुपट्टे आणि धोतरात गुंडाळलेला एक लहान माठ होता. माठ आगगाडीत त्यांनी मांडीवर धरून आणला होता.

"मले उनाचं काय सांगतं बाई," ते म्हणाले होते. "आम्ही उनातच पिकलो."

मार्च संपता संपता ते एका उशीऐवजी तीन उशा घेऊन झोपू लागले. मोज्यांचे वळ पायांवर संध्याकाळपर्यंत राहू लागले. तपासण्या झाल्या. हृदय थकलं होतं. शरीरात गेलेलं पाणी त्याला पुढे ढकलता येत नव्हतं, आणि ते पाणी आधी पायांत, मग फुप्फुसांत साचत होतं. डॉक्टरांनी गोळ्या लिहिल्या आणि कागदाच्या तळाशी एक आकडा लिहून त्याभोवती गोल काढला. दिवसाला बाराशे मिलिलिटर. चहा, वरण, ताक, सगळं धरून.

"और जब लू चलेगी, तब?" मी विचारलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "वही तो मुश्किल है मैडम. कम देंगी तो सूखेंगे, ज्यादा देंगी तो भर जाएंगे. रोज सुबह वजन लीजिए. एक किलो भी बढ़े तो फोन कीजिए."

कोरड्या मुलखातलं सगळं शहाणपण पाण्यावर उभं आहे, हे त्या उन्हाळ्यात मला प्रथम कळलं. कैरीचं पन्हं, पातळ ताक, ज्वारीची आंबील, बाहेर पडण्याआधी घटघट प्यायचा तांब्या: वडिलांच्या साऱ्या विद्येतून मी पाणी वजा करू लागले आणि हाती उरलं ते फार थोडं होतं. कूलरच्या जाळीत मी त्यांचा वाळा भरला. खिडक्यांवर ओल्या चादरी लावल्या. मानेवर ओला पंचा, जिभेवर बर्फाचा खडा, तोंडात एखादी लवंग. घरात दिवसभर ओल्या मुळांचा तो गडद, मातकट, थंड वास भरून राही, आणि त्या वासात माझे वडील तहानलेले बसत.

चूळ भरून टाकायचा सल्ला त्यांनी एकदाच मानला. बेसिनपाशी ओणवे झाले, पाणी तोंडात घोळवलं, आणि बराच वेळ तसेच उभे राहिले.

"बाबा, टाका आता."

त्यांनी ते टाकलं आणि तोंड पुसत म्हणाले, "पानी थुकायचं. हे शिकायचं राहिलं होतं."

त्यांची नोकरी पाटबंधारे खात्यातली. तीस-एक वर्षं ते कालव्यावर होते. कालव्याचं पाणी शेतांना ठरलेल्या दिवशी, ठरलेला वेळ सोडतात. त्याला पाणीपाळी म्हणतात. वरच्या अंगाची शेतं आधी भिजतात, शेवटच्या टोकाला, ज्याला ते 'टेल' म्हणत, पाणी पोचेलच असं नाही. वडील सायकल काढून टेलपर्यंत जात आणि तिथल्या चारीत पाणी दिसल्याशिवाय घरी जेवायला येत नसत. मी स्टीलच्या बाटलीवर नेलपेंटच्या रेघा मारून त्यांचे बाराशे मिलिलिटर वाटून दिले, तेव्हा त्यांनी त्या रेघा चष्मा लावून तपासल्या.

"बरी पानीपाळी बसवली," ते म्हणाले. मग दुपारी चारला हाक येई: "टेलच्या शेतकऱ्याले काही भेटन का आज?"

माझी मुलगी मराठी समजते आणि हिंदीत उत्तर देते. "आजोबा, आपका गेट पाँच बजे खुलेगा," ती खोलीतून सांगे, आणि दोघं हसत. मी स्वयंपाकघरात उभी असे. त्यांच्यासमोर पाणी प्यायचं मी केव्हाच सोडलं होतं; मोरीत नळ सोडून, त्या आवाजाआड, उभ्या उभ्या पीत असे.

हे सोपं नव्हतं, आणि ते का, हे सांगायला हवं. वडिलांच्या लहानपणी गावात एकच विहीर होती आणि आमच्या वस्तीला तिच्या काठावर पाय ठेवता येत नव्हता. आजी रिकामी घागर घेऊन दूर उभी राहायची. कुणी यायचं, मनात आलं तर वरून ओतायचं. हे वडिलांनी मला आयुष्यात एकदाच सांगितलं, न रागावता, एखाद्या जुन्या रस्त्याचं वर्णन करावं तसं. नंतर आम्ही बौद्ध झालो, ते शिकले, आणि ज्या हातांना ओंजळ धरावी लागली होती त्या हातांत कालव्याच्या गेटची चावी आली. आमच्या घरात व्रतं नव्हती, उपास नव्हते. नियम एकच होता: पाणी मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही, आणि कुणी पाणी पुढे केलं तर तेही नाकारायचं नाही. तहान नसली तरी दोन घोट घ्यायचे. कुरिअरवाला असो, मीटर बघणारा असो, आमच्या दारातून कुणी कोरड्या तोंडानं गेलं नाही.

आणि आता घागरीपाशी मी उभी होते, ओतणाऱ्याच्या जागी.

सकाळी सहा ते साडेसात वडील खाली जाऊन बसत. फाटकाशी कडुनिंब आहे, त्याखाली चौकीदाराची पत्र्याची खोली, आणि खोलीत ओल्या गोणपाटात गुंडाळलेला मटका. चौकीदार बाराबंकीकडचा, साठीला टेकलेला. दोघांची मैत्री जमली होती. एक वऱ्हाडी बोले, दुसरा अवधी, आणि दोघांचं पिकांबद्दल एकमत होई. जूनच्या सुरुवातीला वजनाचा काटा सहाशे ग्रॅमनं वर गेला. बाटली तर रेघेला रेघ जुळत होती. मी बाल्कनीतून खाली पाहिलं आणि मला हिशोब लागला: चौकीदारानं पितळी लोटा पुढे केला होता, आणि माझ्या वडिलांनी तो, घरचा नियम पाळून, दोन्ही हातांनी घेतला होता.

त्या संध्याकाळी मी खाली गेले. सांगायचं वाक्य लहान होतं: यांना पाणी देऊ नका. मी बँकेच्या राजभाषा विभागात आहे. नकाराची शंभर परिपत्रकं मी शुद्ध, सौम्य हिंदीत उतरवली आहेत. पण त्या मटक्यासमोर ते वाक्य माझ्या तोंडून निघेना. माझ्या आजीला जे वाक्य न बोलता ऐकवलं जात होतं, तेच मी तिच्या मुलासाठी उच्चारायचं होतं.

"भैया," मी म्हणाले, "बाबूजी का दिल कमजोर है. जरा ध्यान रखिएगा."

"अरे बिटिया, बिलकुल," तो म्हणाला. "हमारे रहते कोई चिंता नहीं."

मी वर आले. मन हलकं झालं होतं, हेही लिहून ठेवते. वडिलांना मी रागावले; ते म्हणाले, "माणूस देते, आपन घेतो. तेवढ्यानं काय होते." दुसऱ्या दिवसापासून चौकीदारानं त्याला समजली ती काळजी घेतली. उन्हात कमजोर दिलाच्या म्हाताऱ्याची काळजी इथे एकाच प्रकारे घेतात.

लखनौत ज्येष्ठातले मंगळवार मोठे मानतात. त्या दिवशी शहरात कोपऱ्याकोपऱ्यावर मांडव पडतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पुरी-भाजी, बुंदी, सरबत फुकट वाटतात. रिक्षावाला, साहेब, भिकारी, कुणीही थांबावं. वाटणारा नाव विचारत नाही. घरून ऑफिसला जाताना त्या दिवशी दर पन्नास पावलांवर कुणीतरी गाडीच्या काचेशी पेला धरून उभं असतं. जूनच्या दुसऱ्या मंगळवारी आमच्या फाटकाशीही मांडव पडला. मी कामावर होते, मुलगी कोचिंगला.

अडीचला चौकीदाराचा फोन आला. "मैडम, बाबूजी की सांस फूल रही है. जल्दी आइए."

मी पोचले तेव्हा मांडवाखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीत ते ताठ बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, आणि प्रत्येक श्वास ते जणू तळ गाठलेल्या विहिरीतून ओढून काढत होते. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर गुलाबी डाग होते. गुलाबाचा, बर्फाचा आणि तापलेल्या ताडपत्रीचा एकत्र वास. शेजारी सरबताचं पातेलं, आणि त्यातला मोठा डाव अजून त्यांच्या मुठीत. अकरा वाजल्यापासून ते वाढत होते. मधून मधून कुणीतरी म्हणे, बाबूजी आप भी लीजिए, आणि ते घेत.

"कितना पिया?" मी विचारलं.

चौकीदारानं हात जोडले. "गिना नहीं, मैडम. गर्मी थी. हमने तो ध्यान रखा." मग माझ्याकडे पाहत, हळू आवाजात, "आपने एक बार भी मना नहीं किया."

त्याच्यात राग नव्हता. तो एक खरी गोष्ट सांगत होता.

दवाखान्यात पाच दिवस गेले. सुईवाटे दिलेल्या औषधानं साचलेलं पाणी काढलं. ते काढताना मूत्रपिंडं दुखावली. डॉक्टरांनी जुन्या कागदावरचा आकडा खोडला आणि आठशे लिहिला. आकडा पुन्हा वाढण्याची आशा आहे का, असं मी विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "अब तो बस संभालना है," आणि पुढच्या खाटेकडे वळले.

तिसऱ्या दिवशी वडील थोडं बोलले. नाकावर नळी होती, ओठांच्या सालपटांना मी तुपाचं बोट लावत होते.

"लय जन आले होते बाई," ते म्हणाले. "मी वाढत होतो. कोनी इचारलं नाई, वाढनारा कोन आहे. हात पुढे करत, घेत, पेत."

"बोलू नका बाबा."

"गोड होतं," ते म्हणाले, आणि डोळे मिटले.

घरी आणल्याच्या दिवशी मी ऑफिसातून कोरा कागद आणला. चार मसुदे केले. 'कृपया सहयोग करें' असं लिहिलं, खोडलं. 'चिकित्सकीय कारणों से' लिहिलं, तेही खोडलं. शेवटी काळ्या पेननं, मोठ्या अक्षरांत लिहिलं: चौथी मंजिल वाले बाबूजी को पानी न दें. तो कागद मी चौकीदाराच्या खोलीत, मटक्याच्या बरोबर वर, चिकटपट्टीनं लावला. चौकीदारानं एक कोपरा धरून मला मदत केली.

आठवड्यानं त्यांना तपासणीला नेऊन आणताना लिफ्ट बंद होती. ती सुरू होईपर्यंत वडील कडुनिंबाखाली टेकले. मी ई-रिक्षा वळवून देऊन परत आले तेव्हा ते खोलीच्या दाराशी उभे होते, चष्मा वर करून वाचत. चौकीदार खाली मान घालून रजिस्टरात काही नसलेलं शोधत होता.

वडिलांनी सावकाश वाचलं. हिंदी त्यांना येते.

"अक्षर चांगलं आहे तुयं," ते म्हणाले.

त्यानंतर ते खाली गेलेले नाहीत. सकाळी सहाला बाल्कनीचं दार उघडून बघतात, वारा कुठून आहे ते हातानं पाहतात, दार लावून घेतात. पाळीची चौकशी बंद झाली आहे. माझी मुलगी पाच वाजता सांगते, "आजोबा, गेट खुल गया," तर ते मान हलवतात. आता वजन उतरतं आहे, जास्तच. पाठीवरची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहते. डॉक्टरांनी फोनवर दिवसाला दोनशे मिलिलिटर वाढवायला सांगितलं. मी लगेच माठातून पेला भरला आणि त्यांच्यापुढे धरला. पाळीबाहेरचा, आपणहून दिलेला, उन्हाळ्यातला पहिला.

त्यांनी पेल्याकडे पाहिलं आणि माझ्या हातावर हात ठेवून तो जरा बाजूला केला.

"राहू दे," ते म्हणाले.

"बाबा, डॉक्टरांनीच सांगितलंय. आपल्या घरात पाण्याला नाही म्हणत नाहीत."

"म्हनत नसत," ते म्हणाले, आणि कूस बदलली.

मी पेला त्यांच्या उशाशी, खिडकीत ठेवला. ओली चादर दुपारी दोनदा वाळली, दोनदा भिजवली. पाचची पाळी गेली. दिवेलागणीला पेला उचलायला गेले, तेव्हा पाण्याच्या वर काचेवर नखाएवढी बारीक, कोरडी रेघ उमटली होती. तेवढं वाऱ्यानं प्यायलं होतं. बाकी पेला भरलेलाच होता.