पुण्याहून बंद झालेली गाडी

जानेफळात कुणी माझी गाडी मागितली आणि मी नाही म्हटलं, असं तीस वर्षांत एकदाही झालं नाही. मी चौथी शिकलेला माणूस, पण हे छाती पुढं काढून लिहितो. जुनी मोटारसायकल होती तेव्हा तिची चावी दाराजवळच्या खिळ्यालाच असायची. कुणाला दवाखान्यात जायचं, कुणाला पोरगी पाहायला जायचं. "काका, गाडी नेतो," म्हणायचा आणि न्यायचा. मी जेवत असलो तर नुसता हात वर करायचो. येताना जमेल तेवढं पेट्रोल टाकून आणायचा. एकानं मडगार्ड वाकवलं, तर दुसऱ्या दिवशी त्यानंच ठोकून सरळ करून दिलं.

मागच्या दिवाळीत पुण्यात राहणाऱ्या माझ्या मुलानं ती विकायला लावली आणि विजेची स्कूटर दारात उभी केली. गाडी चांगली, खोटं कशाला बोलू? धूर नाही, आवाज नाही, घरच्या बोर्डावर चार्ज होते. त्यानं आपल्या मोबाईलमध्ये काय काय टिपटाप केलं, ते मी विचारलं नाही. विचारलं की म्हातारा अडाणी ठरतो.

"बाबा, आता साऱ्या जगात असंच होऊन राह्यलं," तो म्हणाला. "पुढं कोणी सोताची गाडी घेणारच नाही. एकच गाडी दहा जण वापरतीन. शेअरिंग म्हणतात त्याले."

"मंग आम्ही तीस वर्सं काय करून राह्यलो होतो बे?"

तो हसला. त्याला तो विनोद वाटला.

उन्हाळ्यात शेजाऱ्याच्या मुलीचे नर्सच्या भरतीचे दोन पेपर होते, लागोपाठच्या दोन रविवारी, मेहकरला. शेजारी मजुरी करणारा. एवढ्या मजुरीत पोरीला शिकवलं त्यानं. पहिल्या रविवारी तो गाडी मागायला आला. मी चावी दिली आणि शेतात गेलो. फोन घरीच राहिला.

अर्ध्या रस्त्यात पोरीला पाणी प्यायचं म्हणून ते थांबले, आणि गाडी पुन्हा सुरूच होईना. नुसता लाल दिवा. मुलगी एका दुधाच्या गाडीत बसून गेली आणि परीक्षेच्या शाळेचं फाटक लावता लावता कशीबशी आत शिरली. बाप उन्हात स्कूटर ढकलत गावाकडं निघाला. रस्त्यावर एक जण त्याला म्हणतो, "काऊन बे, कोणाची उचलली?"

मजुराच्या हातात नवी गाडी दिसली की लोकांना चोरीच आठवते. आणि ते ऐकून घ्यायची वेळ त्याच्यावर माझ्या गाडीनं आणली!

दुपारी घरी येऊन पाहतो तर फोनवर मुलाचे नऊ मिसकॉल. मी उलट फोन लावला.

"मेसेज आला होता, गाडी हद्दीबाहेर गेली म्हणून," तो म्हणाला. "तुम्ही फोन उचलेनात. मले वाटलं चोरीले गेली. मोबाईलवर थांबलेली दिसली तशी इथूनच केली बंद."

"हद्द? कोणाची हद्द?"

"तुमचीच, बाबा. दहा किलोमीटर ठेवली. या वयात लांब जाऊ नये म्हणून."

माझं डोकं फिरलं. "बैलाले दावं लावलं तं त्याले ते दिसते तरी! काढ आधी ते."

"नाही काढत. तुम्ही चष्मा न लावता गाडी चालवता. दुसऱ्याले द्यायची असन तं नावं सांगा, टाकून देतो. पण मोबाईलात चारच नावं बसतात."

"सारी गल्ली लिही."

"चारच, बाबा."

"मंग बाकीच्यायले नाही कोण म्हणन? तू येशील का पुण्याहून?"

त्यानं गाडी पुण्याहूनच सुरू करून दिली. संध्याकाळी शेजाऱ्यानं चावी दोन्ही हातांनी परत केली. रागावला असता तर बरं झालं असतं. "काका, गाडी झकास हाय," तो म्हणाला. "पण पुढच्या रविवारी आम्ही बसनंच जाऊ." सकाळची बस कधी येते, कधी येतच नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. माझ्या गाडीपेक्षा त्याला त्या बसचा भरवसा वाटला. तीस वर्षांची माझी पत एका लाल दिव्यानं घालवली.

परवानगी मागितली असती तर मुलानं दिली असती. पण माझ्याच गाडीची परवानगी मी मागणार नव्हतो. फक्त फोनवर बोलता बोलता त्याच्याकडून एक काढून घेतलं होतं: चालती गाडी त्याला बंद करता येत नाही, थांबली की येते.

पुढच्या रविवारी उजाडताच चष्मा लावून मी शेजाऱ्याच्या दारात गाडी उभी केली.

"आबाजी, तुम्ही?" पोरगी म्हणाली.

"मीच. बस. पाणी आत्ताच पिऊन घे."

बाप नको नको म्हणत होता. मी त्याच्याकडं पाहिलंच नाही. हद्द ओलांडली तसा खिशात फोन वाजू लागला.

"आबाजी, फोन."

"वाजू दे."

रस्त्यात म्हशी आडव्या आल्या. तिथंही पाय टेकवला नाही, कडेच्या मातीतून गाडी काढली. पोरीनं मागून माझा सदरा गच्च धरला. मेहकरला फाटकापुढं ती उतरली, पाया पडायला वाकली. "पळ," म्हटलं. ती आत गेल्यावर मगच मी स्टँड लावला आणि फोन उचलला.

"बाबा, कुठं हाय तुम्ही?"

"मेहकरात. पोरगी आत गेली. आता कर बंद, करायची असन तं."