तबकडीतली हाक

भगवंतराव कळंब्यांची पायपेटी ज्याने ऐकली नाही, त्याला ती सांगून कळायची नाही. पायाने भाता मारत दोन्ही हातांनी ते अशी काही उडती चाल धरायचे, की वरातीत रुसून बसलेले व्याहीसुद्धा नाचायला उठत. सौंसर-पांढुर्ण्याकडच्या लग्नांत त्यांच्या पार्टीची तारीख आधी आणि मुहूर्त मागून ठरायचा. शेजारी ढोलकीवर भिवाजी, लहानपणापासूनचा सोबती. भगवंतरावांची बोटं वरच्या सुरांवर धावत जाऊन नेमकी समेवर उतरली, की भिवाजी मान झटकून ओरडायचा, "वा रे माह्या भगवंता!" तो मुद्दाम ओरडत नसे, त्याच्या तोंडून ते निघून जायचं.

स्वातंत्र्य मिळाल्यावर एक-दोन वर्षांत तबकड्या काढणाऱ्या एका कंपनीची माणसं नागपुरात आली. त्यांच्यातल्या कोणीतरी जामसांवलीच्या जत्रेत या पार्टीला ऐकलं होतं, म्हणून बोलावणं आलं. वाजवलेलं सगळं थेट मेणावर कोरलं जायचं, त्यामुळे लाल दिवा लागल्यावर खोकायचंसुद्धा नाही, असं साहेबाने बजावलं. भिवाजी धास्तीने घोटभर पाणीही प्यायला नाही. गत मात्र अशी रंगली की शेवटच्या समेला तो सगळं विसरला आणि ओरडला. साहेबाने कपाळावर हात मारला. दुसरं मेण शिल्लक नव्हतं, तेव्हा तबकडी हाकेसकट निघाली.

आमच्याकडे तबकडीला तवा म्हणत. हा तवा हातोहात खपला, आणि खपला तो त्या हाकेसाठीच. हॉटेलांत लोक सुई उचलून पुन्हा पुन्हा तिथेच ठेवायला लावत. बाजारात भगवंतराव दिसले की पोरंटोरं ओरडायची, "वा रे माह्या भगवंता!" लोक कौतुकाने करत होते, पण यांना वाटलं आपली टिंगल चालली आहे. कलावंत माणसाने इतकं मनाला लावून घेऊ नये. मला अजून त्यांचा राग येतो.

कंपनीने पुन्हा बोलावलं, पण साहेबाला मध्येच ओरडणारा नको होता, म्हणून ढोलकीवाला कंपनीचा असेल, असं कळवून. भगवंतरावांनी ते कबूल केलं आणि भिवाजीला सांगितलंच नाही. तो बिचारा ढोलकी पाठीला लावून स्टेशनावर हजर.

"या वख्ती ते त्याईचा ढोलकीवाला देऊन राहिले," भगवंतराव गाडीकडे बघत म्हणाले.

"बरं हाय," भिवाजी म्हणाला. बायकोने, शकुबाईने, दोघांसाठी बांधून दिलेली शिदोरी त्याने त्यांच्या हातात ठेवली आणि तो घरी गेला. त्यानंतर तो त्यांच्या शेजारी कधी बसला नाही.

भगवंतरावांच्या पुढच्या दोन तबकड्या अगदी स्वच्छ निघाल्या आणि दुकानात धूळ खात पडल्या. चिडून त्यांनी घरातले, सोयऱ्यांकडचे, दुकानातले पहिल्या तबकडीचे जेवढे तवे हाती लागले तेवढे आणून मागच्या अंगणात फोडले. पुढे राज्यांची नवी वाटणी झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. कंपनीनेही नागपुरातलं बस्तान हलवलं आणि भगवंतरावांचं तबकड्यांचं प्रकरण तिथेच मिटलं. त्याच हिवाळ्यात भिवाजी तापाने गेला.

तेरवी झाल्यावर शकुबाई भगवंतरावांच्या दारात आली.

"त्याईचा आवाज तुमच्या तव्यात हाय म्हन्तेत. आमच्या घरी कुठचं आलं ते मशीन? म्या कधी आयकलाच नाही. येक डाव आयकवा न, भाऊ."

फोडले, हे त्यांच्या तोंडून निघेना. "आणतो," एवढंच ते म्हणाले.

मग हा माणूस सौंसर, मोहगाव, नागपूर असा वणवण फिरला. ज्या सोयऱ्यांकडून तवे हिसकून आणले होते, त्यांच्याच दारात जाऊन हात जोडले. कोणाकडेच नव्हता. शेवटी तिगाव स्टेशनाजवळच्या हॉटेलवाल्या चिंधूने निरोप धाडला, माझ्याकडे आहे. आधी एकट्याने ऐकून बघायची भगवंतरावांची छाती झाली नाही. ते शकुबाईला घेऊनच तिगावला गेले.

चिंधूने गिऱ्हाइकांना गप्प केलं आणि मशीनला चावी दिली. शकुबाई पदर सावरून अगदी जवळ जाऊन बसली. पेटी सुरू झाली, सूर वर चढले, समेवर उतरले, आणि नेमकी तिथे नुसती खरखर. सुई घसरत पुढे गेली. तबकडी संपली.

चिंधूने घाईघाईने नवी सुई लावून ती जागा पुन्हा वाजवली. पुन्हा खरखरच.

"गिऱ्हाइकं तेवढंच मांगत होते न, भाऊ," तो ओशाळून म्हणाला. "तेवढंच वाजवू वाजवू घासून गेलं."

शकुबाई थोडा वेळ थांबली, अजून काही येईल म्हणून. मग उठली.

"तुमची पेटी तं साफ आयकू येते, भाऊ," ती म्हणाली आणि गाडीची वेळ विचारायला बाहेर गेली.