दहा मुक्कामांवरची लेक

झरीचा धनगर येडबा अंतर मोजायचा ते मेंढरांच्या मुक्कामांवर. कुणी मैल सांगितले की चिडायचा. लेक बानूबाई औरंगाबादेकडं दिलेली, म्हणजे दहा मुक्काम. लय लांब, म्हणून तो कधी गेलाच नाही.

एकोणसाठ साली डोक्यावरून विमान गेलं. त्यानं उद्धव गुरुजींना विचारलं, "ह्ये वाटंत किती मुक्काम करतंय?"

"एकही नाही. नांदेडहून औरंगाबाद, पाऊण तास."

तेव्हापासून येडबाचा जीव थाऱ्यावर नव्हता. घरघर ऐकली की भरल्या ताटावरून उठून अंगणात धावायचा. बायको केवळाबाई वैतागली, "अवो, जेवा की! आपल्याला काय त्यात बसायचंय?"

"न्हाई गं. लेक लांब हाय म्हणून गप बसलो व्हतो. ती तर जवळच निघाली."