सर्वांत कमी दराची गोळी

वाघचौरे साहेब लिंबूसुद्धा तीन भाजीवाल्यांना भाव विचारल्याशिवाय घेत नसत. नव्वदच्या दशकात सातपूरच्या आमच्या कारखान्यात ते खरेदी विभागाचे प्रमुख होते आणि मी त्यांच्या हाताखालची टायपिस्ट. तीन कोटेशन्स मागवायची, त्यांतलं सर्वांत स्वस्त निवडायचं आणि सही ठोकायची, हा त्यांचा धर्म. कुणी कुरकुर केली की म्हणायचे, "वस्तू तीच, कंपनी दुसरी. तुम्हाला वस्तू वापरायचीय की तिचं नाव मिरवायचंय?" मुलीला पहिलंच स्थळ पसंत पडलं, तर या गृहस्थानं आणखी दोन स्थळं पाहून मगच त्याला होकार दिला.

मी देवळाली कॅम्पात राहायचे. एका शनिवारी आमच्या गल्लीतल्या दवाखान्याच्या पायरीवर साहेब दिसले. "दाढ दुखतेय," ते घाईघाईनं म्हणाले. पाटीवर ठळक अक्षरांत 'मानसोपचारतज्ज्ञ' लिहिलेलं होतं. मी पाटीकडे पाहिलं, त्यांनीही पाहिलं आणि हसले. "खैरनारबाई, नाशकात डॉक्टर नाहीत असं नाही. पण तिथं ओळखीचं कुणीतरी भेटतंच. कारण काही नाही हो, घरी सगळं ठीक आहे, हीच तर पंचाईत. पहाटे जाग येते आणि दात घासायचंही जिवावर येतं."

त्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्या एका गोळीनं ते सावरले. कारखान्याच्या दवाखान्यातला कंपाउंडर ती कागदाच्या पुडीत द्यायचा. साहेबांना ॲसिडिटी आहे, अशी सगळ्यांची समजूत होती आणि ती मोडायची मला गरज वाटली नाही.

पुढे काटकसरीचा हुकूम आला आणि दवाखान्याची औषधंही कोटेशन्सवर आली. यादीत आपली गोळी आहे, हे साहेबांना दिसत होतं. पण तेवढी एक वगळली तर तत्त्व कुठं राहिलं? त्यांनी सर्वांत स्वस्त कंपनीवर सही केली.

महिन्याभरात ते घासाघीस करेनासे झाले. समोर येईल त्या कागदावर सही. "साहेब शेवटी माणसात आले," म्हणत पुरवठादारांनी पेढे वाटले. पुठ्ठ्याच्या खोक्यांसाठी एकच कोटेशन आलं आणि साहेबांनी तेही मंजूर केलं, तेव्हा मात्र मला धस्स झालं.

नवी गोळी लागू पडत नाही, अशी साहेबांनी कंपाउंडरकडे तक्रार केली, तर त्यानं त्यांचंच वाक्य ऐकवलं, "साहेब, औषध तेच, कंपनी दुसरी." देवळालीच्या डॉक्टरांनी मात्र सांगितलं, "बहुतेकांना चालतं, काहींना बदल मानवत नाही. तुम्ही जुनीच घ्या."

"मग बाहेरून विकत घ्या ना," मी म्हणाले.

"मी घेईन हो. पण दोन्ही सारख्याच, असं मीच लिहून दिलंय. एखाद्या कामगाराला ही मानवत नसेल तर तो कुठं जाणार? त्याला वाटणार, आपलंच डोकं बिघडलं."

खरेदी समितीच्या बैठकीत त्यांनी जुनी गोळी परत आणायचा मुद्दा मांडला. मी टिपणं घेत होते. लेखा विभागाचे बोडके साहेब खाली मान घालूनच म्हणाले, "तक्रार कुणाची? नाव द्या. बिननावी तक्रार धरता येत नाही."

साहेब उठले. "घ्या लिहून. वाघचौरे, खरेदी विभाग. आजार नैराश्य. वेड लागलेलं नाही. लागलं असतं तर सर्वांत महाग कोटेशनवर सही केली असती."

हसायचं की नाही, कुणालाच कळेना. मग कार्मिक अधिकारी म्हणाले, सकाळी गोदाकाठी फिरायला जात जा. स्टोअरवाले म्हणाले, प्राणायाम करा. तिसऱ्यानं सांगितलं, फार विचार करू नका.

"तीन कोटेशन्स आली," साहेब म्हणाले. "तिन्ही फुकटात. तरी नामंजूर."

जुनी गोळी परत आली. काही दिवस माणसं साहेबांशी आजाऱ्याशी बोलावं तशी हळू आवाजात बोलत. मला त्या सगळ्यांचा राग यायचा. साहेब हळूहळू पुन्हा भाव पाडू लागले आणि पुरवठादारांचे चेहरे उतरले.

मग एका दुपारी बोडके साहेब आमच्या विभागात आले. माझ्याकडे पाहून घुटमळले, पण बोलले.

"वाघचौरे, आमची ही... वर्ष झालं, भिंतीकडे तोंड करून पडून असते. मी तिला रोज रागावतो. ऊठ म्हणतो, कामाला लाग म्हणतो."

साहेबांनी पुढ्यातली फाईल मिटली आणि खुर्ची पुढे सरकवली. "बसा. तुम्ही जेवलात का?"

बोडके साहेबांनी नाही म्हणून मान हलवली आणि ते ढसाढसा रडू लागले.