पाहुण्यांचा ठिपका

घरातून निघताना स्वयंपाकघरातल्या गळक्या नळाला मी सुतळी गुंडाळली आणि मोठी शस्त्रक्रिया आटोपल्याच्या थाटात हात पुसले. दारात सुनंदा, म्हणजे माझी बायको, बॅग घेऊन उभी होती. "ही कितवी सुतळी?" तिनं विचारलं. मी ऐकू न आल्याचा अभिनय केला. तीस वर्षं हौशी नाटकांत काढलेल्या माणसाला तेवढं जमतं.

सुनंदा स्थापत्य अभियांत्रिकी शिकवते आणि गेली तीन वर्षं तिच्या डोक्यात रेल्वेचे रूळ आहेत. रूळ टाकायचा खर्च एकदाच, तो सरळ ठेवायचा खर्च जन्मभर, हे तिचं लाडकं वाक्य. वऱ्हाडातली काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि वरचा रूळ जागोजागी खाली बसतो. मग माणसांनी तो उचलायचा, खाली खडी ठोकून भरायची आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच. तिचा उपाय असा, की खडीखाली वाळूचा थर आणि एक चिवट कापड आधीच अंथरायचं. माती वर घुसणार नाही, उचलाउचल कमी होईल. अकोला आणि अमरावतीच्या मधे एका छोट्या स्टेशनाजवळ कापड घातलेला रुळाचा एक तुकडा आणि त्याला लागून बिनकापडाचा एक, असा प्रयोग चालू होता. यंदाचं मोजमाप शेवटचं. दोन तुकड्यांत फरक दिसला तर काम पुढे जाणार, नाही तर कापड उखडून फाईल बंद. मोजपट्टी धरणारे तिचे सहकारी ऐनवेळी आजारी पडले आणि लग्नाच्या सव्विसाव्या वर्षी मला बढती मिळाली.

सकाळी अकोल्याला उतरलो. स्टेशनबाहेर गरम कचोरी आणि तळलेली मिरची खाल्ली, मिरचीनं माझ्याकडून दोन स्वगतं वदवून घेतली, मग जीप ठरवली. जीपवाल्यानं कुठं आणि कशाला ते विचारलं. रेल्वेचा रूळ मोजायला, असं मी भारदस्त आवाजात सांगितलं.

"काहून?" तो म्हणाला. "चोरीले गेला का थोडा?"

दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता, तूर पिवळी झाली होती. आदल्या दिवशी अवकाळी सर पडून गेलेली. जीप सोडून शेताच्या कडेनं चालायला लागलो तर काळी माती माझ्या नव्या बुटांच्या प्रेमात पडली. दर पावलाला बूट वाढत गेले. पौराणिक नाटकातला राक्षस जसा प्रवेश करतो तसा मी रुळाजवळ पोचलो.

आणि पाहतो तो काय! गिट्टी (रुळाखालची खडी) फूटपट्टी लावल्यासारखी कापलेली, कडेचे दगड पांढरे आणि रुळांखालच्या आडव्या स्लीपरची टोकंसुद्धा ताज्या चुन्यानं रंगवलेली. रूळ सांभाळणारी नारिंगी जाकिटांतली गँग ओळीनं उभी. पुढे वानखडे मुकादम, खांद्यावर दुपट्टा, चेहऱ्यावर वधुपित्याचा आनंद.

दोन्हीकडे झेंडीवाले उभे राहिले. मी पट्टी धरली, सुनंदानं दुर्बिणीला डोळा लावला. कापडाचा तुकडा एकदम समतल निघाला. मी मनात टाळ्या वाजवल्या. मग बिनकापडाचा घेतला. तोही एकदम समतल. सुनंदानं पुन्हा मोजलं, पुन्हा लिहिलं आणि वही मिटून ती बाजूच्या दगडावर बसली.

"अहो," ती हळूच म्हणाली, "फरकच नाही."

मुकादमांना वाटलं मॅडम खूश होऊन बसल्या. "एक बी जागा खाली नाई ठेवली, मॅडम. चार दिवसांपासून दोनीकडं ठोकून राहिलो आमी. तुमी येनार म्हनून."

हळूहळू उलगडा झाला. सुनंदानं पत्र लिहिलं होतं, की धोका नसेल तर मोजमाप होईपर्यंत या दोन तुकड्यांना हात लावू नये. ते पत्र या टेबलावरून त्या टेबलावर जाताना रोडावत गेलं आणि मुकादमांपर्यंत त्यातलं एकच वाक्य पोचलं. अमुक तारखेला मॅडम पाहायला येणार. आणि कुणी पाहायला येणार म्हटलं की गँग काय करते? पाहुण्यांसाठी आपण घर आवरतो तसा त्यांनी रूळ आवरला होता. तीन वर्षांचा प्रयोग पाहुणचारात गेला. या स्टेशनाचं नाव मी मुद्दामच सांगत नाही. एवढ्या प्रेमानं रूळ आवरणाऱ्या माणसाला कुणी खुलासा मागणारा कागद पाठवायला नको.

सुनंदानं सगळं समजावलं तेव्हा मुकादमांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून हातात घेतला.

"मंग आता ते कापड उखडून टाकतीन?"

"बहुतेक."

"त्या बाजूले माह्या लोकायची कंबर वाचते, मॅडम."

"मला माहीत आहे. कागदावर दाखवता येत नाही."

जेवणाची सुट्टी झाली. बाभळीखाली रोडगे (गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे) आणि वांग्याची भाजी असा बेत होता, तोही आमच्यासाठीच. मी चौथा रोडगा तुपात बुडवत असताना गँगमधल्या शोभाबाई मुकादमांवर घसरल्या. चुना स्लीपरवर फासायला कुणी सांगितला होता? खालचे सारे ठिपके झाकले गेले. पावसात गस्तवाल्यानं आता खोडकर जागा कशी वयखाची (ओळखायची)?

सुनंदाचा घास हातातच राहिला. "कसले ठिपके?"

ही वानखड्यांच्या घरची रीत. वडीलही गँगमध्येच होते, तेही असंच करत. एखादी जागा उचलून ठोकली की तिथल्या स्लीपरच्या टोकावर तेलरंगाचा एक ठिपका. जिथं ठिपके फार, तिथं पावसात जास्त जपायचं. नियमांच्या पुस्तकात हे नाही, त्यामुळे कुणी साहेबाला कधी सांगितलं नाही.

पुढचा तासभर जे झालं ते पाहायला प्रेक्षागृह भरलेलं हवं होतं. ड्रममधून पाणी आलं. मुकादमांचा दुपट्टा, शोभाबाईंचं फडकं, माझा इस्त्रीचा रुमाल, सगळे स्लीपरची टोकं धुवायला बसलो. मधे गाडी आली तेव्हा शिट्टी झाली, बाजूला झालो, गाडी गेली, पुन्हा बसलो. रुळाला आंघोळ घातलेली पाहून खिडकीतल्या एका आजोबांनी भक्तिभावानं हात जोडले. मी आशीर्वाद दिला.

चुना वाहून गेला, तेलरंग राहिला. बिनकापडाच्या तुकड्यावर कुठे सात ठिपके, कुठे आठ, एका स्लीपरवर तर जागाच उरली नव्हती. कापडाच्या बाजूला बहुतेक ठिकाणी एकच. सुनंदा फोटो काढत पळत होती. मुकादम मागून आले.

"मॅडम, दोनीकडं एकेक ठिपका तुमच्या नावाचा हाय. या चार दिवसातला. पाहुन्यायचा. तेवढा सोडून मोजा."

तिनं त्यांच्याकडे पाहिलं आणि खरोखरच प्रत्येक ठिकाणी एक वजा केला. कापडाच्या बाजूला मग जवळपास काहीच उरलं नाही.

संध्याकाळी अमरावती. दुसऱ्या दिवशी रेल्वेचे मोठे साहेब तिथं दौऱ्यावर येणार होते, निकाल त्यांच्याच हाती. सुनंदा फोटोंतले ठिपके मोजत बसली म्हणून तिच्या वाट्याचा गिला वडाही (दही-चटणीत बुडवलेला उडदाचा वडा) मीच खाल्ला. संसारात वाटून घ्यावं लागतं.

साहेबांनी फोटो उलटसुलट पाहिले. "मिलिमीटर कुठे आहेत, मॅडम?"

"पाहुणचारात गेले," सुनंदा म्हणाली. "पण खर्च मिलिमीटरला येत नाही, साहेब. रूळ कितीदा उचलावा लागला, त्याला येतो. ते इथं लिहिलंय."

साहेब त्या भरलेल्या स्लीपरवरचे ठिपके बोटानं मोजायला लागले. मी टेबलाखाली हात जोडले. तो अभिनय नव्हता. शेवटी त्यांनी टिपणीवर लिहायला घेतलं. आणखी दोन पावसाळे. ठिपके दोन्ही तुकड्यांवर, मुकादमांच्याच हातचे. आणि मोजमापाआधी धोका नसेल तर रुळाला कुणी हात लावायचा नाही. चुन्याला तर मुळीच नाही.

परतीची गाडी त्याच रुळावरून गेली. दिवस मावळत होता. खिडकीतून ती धुतलेली स्लीपरची रांग दिसली. मी चहाचा भरलेला कप टेबलावर ठेवून नाट्यमय हात केला. दोन्ही तुकडे गेले, थेंब सांडला नाही.

"त्यात काय," सुनंदा म्हणाली. "तो पाहुण्यांचा ठिपका आहे."

घरी आलो तर सुतळी सुटली होती आणि नळ गळत होता. मी सवयीनं सुतळीचा गुंडा शोधायला निघालो. तेवढ्यात सुनंदानं नेलपॉलिशची बाटली आणली आणि नळाशेजारच्या टाइलवर आठवून आठवून ठिपके द्यायला सुरुवात केली. नवव्याला ती थांबली. इतकी वर्षं मला वाटत होतं, की मी नळ दुरुस्त करतो आहे.

मी निमूट प्लंबरला फोन केला. तो सकाळी येतो म्हणाला. परका माणूस घरात येणार, म्हणून मी घासणी घेऊन सिंककडे वळलो.

"हात लावू नका," मागून आवाज आला. "आधी त्याला पाहू दे."