पितळी नळी आणि पडद्याची डबी

जपानात, सेंदाईतल्या तिसऱ्या हिवाळ्यात मी वेपच्या, म्हणजे वाफेच्या सिगारेटच्या, दुकानात काम धरलं. सासूबाईंनी फोनवर विचारलं तेव्हा मी तोंड उघडायच्या आत नवऱ्यानं सांगून टाकलं, "बॅटरीचं दुकान आहे, आई." खोटं नव्हतं. आम्ही बॅटऱ्या विकतच होतो. त्या कशात घालतात, एवढं सांगायचं राहिलं, आणि नंतर ते राहूनच गेलं.

नवरा इथल्या विद्यापीठात संशोधक. त्याचं काँट्रॅक्ट वर्षावर्षानं वाढतं, त्यामुळे थंडी सरत आली की तो घरात गप्प गप्प होतो. माझा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा. लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं मी भोसरीच्या एका कारखान्यात यूपीएसचे बोर्ड तपासायची. इथे आल्यावर आधी डबे भरायच्या कारखान्यात लागले. पांढरी टोपी, मास्क, दोन हातमोजे आणि समोरून सरकणारा पट्टा. भाताच्या प्रत्येक डब्यात एक उमेबोशी, म्हणजे खारवलेलं आंबट फळ, ठेवायची. तिथल्या गारठ्यानं कंबर धरली आणि मी दुसरं काम शोधू लागले.

वेपच्या दुकानाची जाहिरात एका कोन्बिनीच्या, म्हणजे चोवीस तास उघड्या किराणा दुकानाच्या, दाराशी लावलेली होती; वेपचं दुकान त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर. अर्धवेळ काम, आणि खाली लिहिलेलं : ओहमचा नियम माहीत असल्यास उत्तम. इतक्या वर्षांत ओहमचा नियम मला कुणी विचारला नव्हता. मी सरळ जिना चढून वर गेले.

मालक पन्नाशीचे, अंगानं जाड, कंबरदुखीचा पट्टा बांधलेले. त्यांनी माझं जपानी ऐकून घेतलं आणि एक तारेचं वेटोळं समोर ठेवलं. "याचा रोध अर्धा ओहम. भरलेला सेल चार पॉइंट दोन व्होल्टचा. करंट किती?"

"साडेआठ अँपिअरच्या आसपास."

"उद्यापासून या," ते म्हणाले. पुढे काही विचारलं नाही. मी ओढते का, हेही नाही. मी ओढत नव्हते.

दुकानात दोन जातींची यंत्रं होती. एक मेकॅनिकल. म्हणजे नुसती धातूची नळी. आत एक सेल, वर तारेचं वेटोळं आणि त्यात ओवलेला कापूस, खाली बटण. बटण दाबलं की सेलचा सगळा जोर थेट तारेत जातो, तार लाल होते, कापसातल्या रसाची वाफ होते. मध्ये कुठलंही सर्किट नाही. दाबून धरलं तर जळतच राहणार. तार चुकीची बसली, सेलवरचं प्लास्टिक फाटलं, तर अडवणारं कुणी नाही. दुसरी जात रेग्युलेटेड. ही डबीसारखी, छोटा पडदा असलेली. ती आधी तार मोजते, किती वॅट द्यायचे ते आपण सांगायचं, आणि काही चुकलं तर ती पेटायलाच नकार देते. दहा सेकंदांच्या वर बटण दाबून धरलं तरी आपणहून बंद होते. सेल उतरत आला तरी वाफ बऱ्यापैकी तेवढीच राहते. नळीचं तसं नाही. सेल उतरेल तशी वाफ मंदावत जाते आणि ओढणाऱ्याला ते जिभेवर कळतं.

आमच्या रसाच्या बाटल्यांमध्ये निकोटिन नसायचं. इथे तसं विकता येत नाही. नुसता स्वाद आणि वाफ. तरीही लोक यायचे. बहुतेक जणांनी सिगारेट सोडलेली होती, पण हाताला चाळा हवा होता.

दुकानात येणाऱ्यांत एक आजोबा होते. मी त्यांना मनात आजोबाच म्हणायचे. निवृत्त टॅक्सीवाले, सत्तरी केव्हाच ओलांडलेली, डोक्यावर लोकरीची टोपी. बायकोच्या आजारपणात त्यांनी सिगारेट सोडली होती, आणि तेव्हा मालकांनीच त्यांना पितळेची एक नळी विकली होती. हात लागून लागून ती अगदी देवघरातल्या समईसारखी झाली होती. ते दुपारी यायचे, काउंटरपाशी स्टुलावर बसायचे आणि माझ्याकडून तार आणि कापूस बदलून घ्यायचे. इथल्या जुन्या बोलीत बोलायचे. निम्मं मला कळायचं नाही, तरी मी मान हलवायची.

एकदा मी त्यांना विचारलं, "डबी का नाही घेत? सोपी असते."

"ताई," ते म्हणाले. दुकानातल्या पोरीबाळींना ते सगळ्यांनाच ताई म्हणत. "डबीत मध्ये कुणीतरी बसलेलं असतं. मी म्हणतो दे, ते म्हणतं थांब, बघतो. यात मध्ये कुणी नाही. मी दाबलं की पेटतं, सोडलं की विझतं."

मला ते पटलं नव्हतं, पण आवडलं होतं. दिवसभरात त्या दुकानात माझ्याशी असं कुणी बोलत नसे.

मग हळूहळू काहीतरी बिघडत गेलं. एक दिवस ते सकाळी येऊन पुदिन्याची बाटली घेऊन गेले आणि दुपारी पुन्हा तीच मागायला आले. मी हसून म्हटलं, "सकाळीच नेलीत की." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी दुसरी बाटली काढून दिली. मग एकदा कोटाच्या खिशातून त्यांनी सुटा सेल काढला. किल्ल्यांसोबत ठेवलेला. वरचं वेष्टन एका बाजूनं सोललेलं, आतला धातू दिसत होता. भोसरीत असा सेल टेबलावर दिसला असता तर साहेबांनी आधी सेल उचलला असता आणि मग आम्हाला झापलं असतं. मी नवं वेष्टन चढवून दिलं, सेल ठेवायला प्लास्टिकची छोटी पेटी दिली, सांगितलं, की सुटा सेल खिशात ठेवू नका. ते म्हणाले, "ठाऊक आहे मला." पुढल्या खेपेला सेल पुन्हा किल्ल्यांसोबत.

आणि मग ते उजव्या तळव्याला पट्टी बांधून आले. नळीच्या बटणापाशी एक कडं असतं. ते फिरवलं की बटण दाबलं जात नाही. आजोबा कडं फिरवायला विसरले होते. स्वेटरच्या खिशात नळी दाबली गेली आणि पेटत राहिली. गरम झाली म्हणून त्यांनी ती हातात धरून बाहेर काढली.

"जास्त नाही भाजलं," ते म्हणाले. "नवा सेल द्या. तो जुना फुगलाय."

मी मालकांकडे पाहिलं. ते शेल्फवरच्या बाटल्या उगाच सरळ करत होते. सेल संपलेत, उद्या या, असं काहीबाही सांगून मी आजोबांना परत पाठवलं. जिन्यावरची पावलं वाजायची थांबल्यावर मी म्हणाले, "यांना आता आपण सेल विकू शकत नाही."

"माहीत आहे मला."

"मग सांगा त्यांना."

मालकांनी कंबरेचा पट्टा सैल करून पुन्हा बांधला. "ती नळी मीच विकली त्यांना. तेव्हा त्यांच्या पत्नी होत्या. तुम्हीच सांगाल का?"

म्हणजे मीच. घरीही तेच. विद्यापीठाच्या ऑफिसात फोन करून काँट्रॅक्टचं काय झालं विचारायचं, तर मी. मुलाच्या शाळेतून बाईंनी बोलावलं, तर मी. जे बोलायला जड जातं ते फिरून फिरून माझ्याच ताटात येतं. त्या संध्याकाळी बसमध्ये मी खिडकीला डोकं टेकून बसले आणि एकेक वाक्य मनातल्या मनात जपानीत जुळवत राहिले.

दुसऱ्या दिवशी आजोबा आले. मी रेग्युलेटेड डबी काढून ठेवली होती, सगळ्यात साधी, आणि तिच्यात सेल घालून तार बसवून ठेवली होती. जुळवलेली वाक्यं ऐन वेळी आठवली नाहीत. मी सरळ म्हटलं, "आजोबा, नळी तुमच्या हातात राहिली तर मला रात्री झोप लागणार नाही."

ते चिडले. आयुष्यभर गाडी चालवली, एकदाही कुणाला धक्का लागला नाही, असं काहीतरी म्हणाले. बोली होती, भरभर होतं, पण राग कळायला भाषा लागत नाही. मी उभी राहिले, मान खाली घालून. इथे ते जमायला लागलंय मला. शेवटी त्यांचा आवाज बसला. पट्टी बांधलेला हात त्यांनी काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "ही डबी मला भाजणार नाही, असं म्हणता?"

"चुकलंच काही तर ती आपणहून बंद होते."

"मीही होतो बंद," ते म्हणाले आणि नळी माझ्यापुढे सरकवली.

मला वाटलं, काम झालं. कसलं झालं! चार-पाच दिवसांतच ते परत आले. डबी बंद पडली म्हणे. बंद पडली नव्हती. बटण लागोपाठ पाच वेळा दाबलं की ती बंद होते, आणि त्यांच्याकडून तसं दाबलं गेलं होतं. पुन्हा पाच वेळा दाबून मी ती चालू करून दिली. मग वॅटचा आकडा बदलला गेला आणि कापूस करपला. मी आकड्याची बटणं लॉक केली, वर चिकटपट्टी लावली. मग एकदा पडद्यावर इंग्रजी अक्षरं आली. ती डबी त्यांनी माझ्या नाकासमोर धरली. "ताई, ही काय म्हणतेय? शिव्या देतेय का?"

"तार नीट बसली नाही म्हणतेय."

"मग सरळ सांगायचं ना तसं."

आम्ही दोघंही हसलो. पण मला दिसत होतं, की त्यांना डबी वापरता येणार नाही. नळीला फक्त आठवण लागत होती आणि तीच त्यांच्याकडे उरली नव्हती. डबीला बारीक अक्षरं वाचता यावी लागत होती, बटणांचा क्रम लागत होता. तोही एक प्रकारचा लक्षात ठेवण्याचाच धंदा. दुकानात गिऱ्हाईक विचारायचं, या दोन्हींत चांगलं कुठलं? मी पाठ केलेलं उत्तर द्यायची : नव्या माणसानं रेग्युलेटेडच घ्यावं. आजोबा दुकानातून निघून गेल्यावर ते उत्तर देताना माझी जीभ अडखळायची. डबीनं त्यांना भाजलं नाही, हे मात्र खरं. तेवढं एक काम तिनं केलं.

पुढे पुढे ते नुसते येऊन बसत. मी डबी चालू करून हातात द्यायची, ते ओढायचे, वाफ छताकडे जाताना बघायचे. एकदा म्हणाले, "तुमच्या देशात हे मिळतं का?"

"नाही. विकायला बंदी आहे."

"मग लोक काय करतात?"

"माझे वडील तंबाखू-चुना मळायचे. तळहातावर."

मी अंगठ्यानं मळून दाखवलं, टाळी मारून धूळ उडवली. त्यांना ते इतकं आवडलं, की त्यांनी तीनदा करायला लावलं. मालक आतून बघत होते. तेही हसले.

त्यानंतर ते यायचे थांबले. हिवाळा ओसरत आला तेव्हा एक बाई जिना चढून वर आली. माझ्याच वयाची, ऑफिसचा कोट, डोळ्यांखाली काळं. तिनं पिशवीतून डबी काढून काउंटरवर ठेवली. चिकटपट्टी तशीच होती.

"मी त्यांची मुलगी," ती म्हणाली. "ही कचऱ्यात कुठे टाकायची कळत नाही. जाळायच्या कचऱ्यात चालत नाही ना?"

"नाही. आतला सेल वेगळा द्यावा लागतो. मी बघते." मी सेल काढून टोकांना टेप लावली. मग विचारलं, "आजोबा कसे आहेत?"

"बरे आहेत. खातात, झोपतात." ती जरा थांबली. "ओढायचं विसरले. मी डबी हातात दिली तर विचारलं, हे काय आहे? सिगारेटसुद्धा आठवत नाही. आई आयुष्यभर सांगत होती, सोडा, सोडा. तिच्या शेवटी शेवटी कशीबशी सोडली, तर हे सुरू केलं. आणि आता हे असं सुटलं."

दोघी काउंटरच्या दोन बाजूंना उभ्या होतो, दिवसभर उभं राहिलेल्या बायका उभ्या राहतात तशा, एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत.

मालकांनी आतून पितळी नळी आणली. रुमालात गुंडाळून ठेवली होती. "ही त्यांची. सेल नाही यात, धोका नाही. घेऊन जाता का?"

तिनं हातात घेतली, वजन पाहिलं आणि परत दिली. "नको. घरात आधीच फार वस्तू आहेत. मला एकटीला आवरायचंय सगळं." मग वाकून म्हणाली, "त्यांनी तुम्हाला त्रास दिला असेल. माफ करा."

"नाही, नाही," मी म्हटलं. ती गेली.

वसंतात दुकान बंद झालं. गिऱ्हाईकं यंत्रात तापवून ओढायच्या तंबाखूकडे वळली होती, ती कुठल्याही कोन्बिनीत मिळते. मालक किनाऱ्याकडे भावाच्या स्ट्रॉबेरीच्या शेडमध्ये कामाला जाणार होते. नवऱ्याचं काँट्रॅक्ट आणखी एक वर्ष वाढलं. आम्ही त्याबद्दल आनंद मानला, म्हणजे बाहेरून पिझ्झा मागवला.

शेवटच्या दिवशी आम्ही काचेची कपाटं पुसली, उरलेले सेल टेप लावून खोक्यात भरले. सगळं झाल्यावर मालक म्हणाले, "तुम्ही इतके दिवस इथे होता, एकदाही ओढलं नाहीत."

"कधी मन झालं नाही."

त्यांनी एक डबी तयार केली, वॅट अगदी कमी ठेवले आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. नाही म्हणवेना. मी एक झुरका घेतला. खरबुजासारखं काहीतरी गोड, कोमट घशात गेलं आणि ठसका लागला. डोळ्यांत पाणी आलं.

"एवढंच?" मी म्हटलं.

"एवढंच," ते म्हणाले आणि दिवा मालवला.

वाटेत कांद्याची पात आणि अंडी घेतली. घरी पोचले तर मुलगा जमिनीवर पसरून गृहपाठ करत होता. मी जवळून गेले तसं त्यानं मान वर न करता जपानीत विचारलं, "आई, तुझ्या अंगाला खरबुजाचा वास कसा येतोय?"

"येत असेल," मी म्हटलं आणि तांदूळ धुवायला घेतले.