व्हिएन्नात अडकलेलं नाव

आमच्या टोंगात पोराचं नाव ठेवायचा मान बापाच्या थोरल्या बहिणीचा. आईबापांनी पोर जन्माला घालायचं आणि गप्प बसायचं. ही पद्धत ज्यानं काढली, त्याची गाठ आमच्या कालोलाइनेताईशी पडलेली नसणार.

ताई माझी चुलत बहीण. गावात बेकरी चालवते. पाव असा करते की खातच राहावं. पण नाव ठेवायची वेळ आली की या बाईचं डोकं कुठे जातं, देव जाणे! बातमी कळल्याबरोबर जे पहिलं डोळ्यांसमोर दिसेल, तेच पोराचं नाव. "देव दाखवतो, मी नुसती बघते," म्हणते. मला सख्खी बहीण नाही, म्हणून माझ्या पोरांची आत्याही तीच. माझा थोरला झाला तेव्हा तिच्या पावाच्या गाडीचं चाक फुटलं होतं. पोराचं नाव टायर! आता चांगला घोडा झालाय, पण अजून शाळेतली कार्टी त्याला विचारतात, हवा भरलीस का रे? आणि मी काय बोलणार? थोरल्या बहिणीपुढे तोंड वर करून बोलायची आमच्यात कुणाची टाप नाही.

तर या ताईच्या सख्ख्या भावाची, फालाकिकोची बायको लोसे हिचे दिवस भरत आले आणि नेमकं तेव्हाच आमच्या चर्चच्या गायकवृंदाला व्हिएन्नाचं बोलावणं आलं. ताई जायला तयारच नव्हती. लोसेची आधीची दोन बाळं हाताला लागली नव्हती. दोन्ही वेळा ताईनं नाव ठेवलं होतं आणि दोन्ही नावं थडग्यावर लिहावी लागली होती. शेवटी लोसेनंच तिला ढकलून पाठवलं. ताई आली, पण जीव सगळा तिकडे.

निघताना फालाकिकोनं मला गाठलं. "तानिएला, तुझ्या पाया पडतो, तिला नीट काहीतरी दिसेल असं बघ. फुलं, राणी, देवदूत, काहीही चालेल. फक्त टायरसारखं नको."

"टायरसारखं म्हणजे?" मी भडकलो. पण शब्द दिला.

आता आमची अजून एक भानगड. भाऊबहिणीनं एकमेकांसमोर बाळंतपण, मोरी, असल्या गोष्टींचा शब्दसुद्धा काढायचा नाही. म्हणून ठरलं असं की फोन मला येणार, मी माझ्या बायकोला, अलिसीला, सांगणार आणि ती ताईला सांगणार.

व्हिएन्नात आमचं गाणं बाजूलाच राहिलं, ताईला फिरवणं हाच उद्योग झाला. सकाळी उठून तिला पुतळ्यांसमोर उभी करायची.

"ताई, केवढा सुंदर देवदूत बघ!"

"त्याच्या डोक्यावर कबूतर हगलंय," ताई म्हणाली आणि शेजारच्या सॉसेजच्या गाडीकडे बघत बसली. मी तिला ओढतच पुढे नेलं. एकदा कचऱ्याची गाडी समोर आली, तर आम्ही सगळे धिप्पाड गडी आमच्या रिवाजाप्रमाणे कमरेला गुंडाळलेल्या चटया सावरत मध्ये उभे राहिलो आणि भिंत केली. ट्राम थांबली, पोलीस आला. ताई म्हणाली, "काय मेले गुरांसारखे रस्त्यात उभे राहता!"

चौथ्या दिवशी स्टेशनावर ताई शौचालयात गेली आणि आतून कडी अडकली. ती आतून दार बडवतेय, अलिसी बाहेरून ओढतेय आणि माझा फोन वाजला.

"मुलगी झाली!" फालाकिको ओरडला. "दोघी ठणठणीत! ताई कुठेय? काय बघतेय?"

"ताई... आत आहे."

"कशाच्या आत? चर्चच्या?"

आता काय सांगणार, कप्पाळ! "शांत जागा आहे," म्हणालो आणि अलिसीला हळूच बातमी सांगितली.

अलिसीनं ऐकलं मात्र, तिनं भोकाडच पसरलं. तिचं बघून सगळ्या बायका रडायला लागल्या, मग पुरुष. पाद्रीबाबांनी हात वर केला आणि आम्ही भजन धरलं. आमच्यात असंच. सुख असो, दुःख असो, आधी रडायचं, मग गायचं. ताईला सांगायचं भान कुणालाच राहिलं नाही.

आतून एक किंकाळी आली. आम्हाला वाटलं, ताईला कळलं, आनंद झाला. आम्ही अजून जोर लावला. आतला आवाज वाढला, तसा आमचाही.

झाडणारी बाई जर्मनमध्ये शिव्या घालत आली, पेचकस लावला आणि दार उघडलं. ताई जमिनीवर बसली होती. डोळे गच्च मिटलेले. ते तिनं उघडले आणि अलिसीकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

"लोसे तरी वाचली का रे?"

आम्ही काय करून बसलो होतो, ते तेव्हा कळलं. गेली ती रीत खड्ड्यात! तिच्यासमोर गुडघे टेकले आणि आजवर कुठल्या बहिणीपुढे न काढलेले शब्द काढले.

"ताई, लोसे बाळंतीण झाली. मुलगी आहे. जिवंत आहे गं, दूध पितेय!"

ताईनं फाडकन माझ्या थोबाडीत दिली. "मग रडत काय होतात, मुडद्यांनो!" आणि स्वतःच ढसाढसा रडायला लागली.

फोन चालूच होता. "ताईनं काय बघितलं? बोल ना!" फालाकिको विचारत होता. आम्ही सगळे ताईच्या तोंडाकडे बघत उभे. तिच्या एका बाजूला भांडं, दुसऱ्या बाजूला ब्रश, समोर पेचकस घेतलेली बाई. देवा, वाचव या पोरीला!

ताईनं नाक पुसलं. "मातापा," ती म्हणाली.

मातापा म्हणजे आमच्या भाषेत दार.

मी फोनवर सांगितलं. फालाकिको हळूहळू म्हणून बघायला लागला, "मातापा... मातापा... अरे, छान आहे की! कुठलं दार?"

मी ताईकडे पाहिलं. ताईनं माझ्याकडे पाहिलं.

"राजवाड्याचं," मी म्हणालो.

"आणि उघडलं म्हणावं," ताई म्हणाली.